रेणूंच्या तराजूवर (लेखांक ९) : अतिनील घाव

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मास स्पेक्ट्रोमीटरवर या माळेचे नुसते वजन मिळून भागत नाही. मणी कोणत्या क्रमाने ओवले आहेत हे कळायचे तर माळ तोडून तुकडे तोलावे लागतात. इलेक्ट्रोस्प्रेने वायुरूपात आणलेले, प्रोटॉन चिकटून धनभारित झालेले पेप्टाइड आयन निर्वात सापळ्यात धरून ठेवतात आणि तिथेच ते तोडतात.

रूढ रीत टकरीची. हेलियम किंवा नायट्रोजनवर आदळून आयन तापतो, कंपने रेणूभर पसरतात आणि जो बंध सर्वांत कच्चा तो आधी सुटतो. हा बहुधा दोन अमिनो आम्लांना जोडणारा अमाइड बंध असतो. मात्र बाजूला लटकलेला फॉस्फेटसारखा नाजूक गट त्याच्याही आधी गळून पडतो आणि तो कोणत्या मण्यावर होता याचा माग पुसट होतो. ऊस गुडघ्यावर मोडला तर बहुधा पेरापाशी मोडतो. कोयत्याला पेराशी कर्तव्य नसते. अतिनील प्रकाश कोयत्याच्या जातीचा, पण त्यालाही आवडनिवड आहे.

१९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या एका फोटॉनमध्ये सुमारे ६.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते. कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण साडेतीन ते चार पुरतात, म्हणजे एकच फोटॉन काम भागवतो. कार्बन डायऑक्साइड लेसरच्या अवरक्त फोटॉनमध्ये जेमतेम ०.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात. तिथे फोटॉनांची रांग लागते आणि परिणाम पुन्हा तापवण्याचाच. शिवाय अमाइड गट १९० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जोमाने शोषतो आणि तो माळेच्या प्रत्येक सांध्यात असतो. आर्गॉन फ्लोराइड लेसरची १९३ नॅनोमीटरची स्पंदने इतकी सोयीची ठरली ती यामुळे.

फोटॉन शोषला की इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो. पुढे दोन वाटा फुटतात. काही आयन त्या उत्तेजित अवस्थेतच, ऊर्जा पसरण्याआधी तुटतात. बाकीचे खाली उतरतात, ऊर्जा कंपनांत वळते आणि ते टकरीतल्यासारखेच तुटतात. त्यामुळे अमाइड बंधावरचे 'बी' आणि 'वाय' तुकडे अतिनील वर्णपटातही दिसतात. ही अक्षरे रोपस्टॉर्फ आणि फोलमन यांनी १९८४ मध्ये सुचवलेल्या पद्धतीतली.

पहिल्या वाटेची खास खूण 'ए' आणि 'एक्स' तुकडे. यात अल्फा कार्बन आणि कार्बोनिल कार्बन यांच्यामधला बंध तुटतो, दोन्ही तुकड्यांवर एकेक सुटा इलेक्ट्रॉन उरतो आणि तो मग पार्श्वशृंखलेचाही लचका तोडू शकतो. ल्युसीन आणि आयसोल्युसीनचे भांडण इथे मिटते. माळेत दोघांचे वजन अगदी सारखे, ११३.०८४, टकरीतल्या बी-वाय तुकड्यांवरून ते ओळखू येत नाहीत. पण लचका तुटताना ल्युसीनमधून ४३ वजनाचा तीन कार्बनी गट जातो, तर आयसोल्युसीनमधून २९ वजनाचा दोन कार्बनी. तराजूवर १४ चा फरक उमटतो. इंडियाना विद्यापीठातील जेम्स रायली यांच्या गटाने २००४ मध्ये १५७ नॅनोमीटरने असे तुकडे पाडले. ती तरंगलांबी हवेतला ऑक्सिजनच गिळतो, म्हणून प्रकाशाची वाट निर्वात किंवा नायट्रोजनने भरलेली ठेवावी लागते. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील जेनिफर ब्रॉडबेल्ट यांच्या गटाने २०१३ मध्ये १९३ नॅनोमीटरने अख्खी प्रथिने तोडून दाखवली.

किंमतही मोजावी लागते. तुकड्यांचे प्रकार वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच आयन येतात, शिखरे एकमेकांवर चढतात आणि वर्णपट वाचणे किचकट होते.

तरंगलांबी २६६ नॅनोमीटरवर नेली की चित्र पालटते. अमाइड गट तिथे जवळजवळ पारदर्शक. प्रकाश शोषतात ती ट्रिप्टोफॅन आणि टायरोसीनची वलये. टायरोसीनवर आयोडीनचा अणू बसवला, तर या प्रकाशाने कार्बन-आयोडीन बंध थेट तुटतो. माळ मात्र त्या क्षणी अखंड राहते. नेमक्या त्या वलयावर एक सुटा इलेक्ट्रॉन उरतो आणि पुढची मोडतोड तिथून सुरू करता येते.