नाकाचे अबोल कार्य
नेमावरला, नर्मदेच्या नाभिस्थानी, पौषातील पहाटे सिद्धनाथाच्या घाटावर आम्ही उतरतो तेव्हा वारा नाकाला झोंबतो. छातीत मात्र तो कोमट होऊनच पोहोचतो. ही किमया नाकाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या तीन-तीन वळणदार शुक्तिकांची. त्यांवरील रक्तवाहिन्यांनी भरलेले ओलसर अस्तर हवेला ऊब व ओलावा देते. धूळ चिकट स्रावात अडकते आणि सूक्ष्म रोम ती घशाकडे लोटतात. नाकपुड्या आळीपाळीने मोकळ्या होतात, हे तर स्वरशास्त्र मानणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांना नवे नाही. तोंडाला हे सारे तितके साधत नाही. म्हणूनच मूल रोज तोंड उघडे ठेवून घोरत झोपत असेल, तर ती खोड समजून त्याला रागावू नये, असे आम्हांस वाटते. नाकामागील ग्रंथी वाढलेली असू शकते. वयाबरोबर ती बहुधा आक्रसते; तरी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवावेच.