कोणाला किती दिसावे?

दक्षिण कोकणात आणि गोव्याच्या पेडणे भागात दशावतारी नाटकाचा प्रयोग उभा राहतो, तेव्हा परंपरेप्रमाणे नटांच्या हाती लिहिलेली संहिता नसते. कथानकाची रूपरेषा आधी सांगितली जाते, कोणी कोणते सोंग घ्यावयाचे ते ठरते, आणि संवाद मात्र रंगमंचावरच जन्मास येतात. गेल्या अर्धशतकात अमेरिकेत व युरोपात जो भूमिका-खेळ रूढ झाला, त्याची कल्पना मराठी श्रोत्यास यावयाची असेल, तर आरंभ येथून करणे सोयीचे. चार-पाच मित्र मेजाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र होतो; कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी भुरटा चोर. एक जण सूत्रधार होतो. नगरे, डोंगर, राजघराणी, वैरे आणि कारस्थाने यांनी भरलेले सारे जग तो रचतो, आणि इतर जण त्या जगात वावरतात. त्यांनी योजलेली गोष्ट साधली की फसली, याचा निवाडा फासे करतात. दशावतारातील नटाला कथेचा शेवट ठाऊक असतो. येथे तो कोणालाच ठाऊक नसतो, आणि शेवटाकडे नेणाऱ्या गुप्त वाटा केवळ सूत्रधारास माहीत असतात.

पूर्वी ही गुपिते त्याच्या वहीत असत, आणि वहीपुढे पुठ्ठ्याचा एक आडपडदा उभा केलेला असे. पडद्याअलीकडे सूत्रधार, पलीकडे खेळाडू. व्यवस्था सोपी होती. आता वहीची जागा संगणकावरील संकेतस्थळांनी घेतली आहे. ‘वर्ल्ड ॲन्व्हिल’ आणि ‘कांका’ ही त्यांपैकी दोन परिचित नावे. त्यांवर प्रत्येक गावाला, व्यक्तीला, देवळाला वा तलवारीला स्वतंत्र पान असते; पाने परस्परांशी जोडलेली असतात; नकाशे असतात, वंशवृक्ष असतात. सूत्रधाराची इच्छा अशी असते की खेळाडूंनीही ही पाने वाचावीत, म्हणजे दर बैठकीत तीच माहिती पुनःपुन्हा सांगावी लागणार नाही. अडचण उद्भवते ती येथेच. ज्या ग्रंथात गुपिते लिहिलेली आहेत, तोच ग्रंथ खेळाडूंच्याही हाती द्यावयाचा आहे.

हा पेच संगणकाहून पुष्कळ जुना आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नामक तरुण अधिकाऱ्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी एक युद्धखेळ सिद्ध केला. १:८००० या प्रमाणाच्या नकाशावर तो खेळला जाई. दोन्ही पक्ष आपले हुकूम कागदावर लिहून पंचाकडे देत. कोणाचे सैन्य कोठे आहे हे पंचास पूर्णपणे ठाऊक असे. परंतु शत्रूच्या दृष्टीस खरोखर पडतील अशाच तुकड्या तो नकाशावर मांडी. टेकडीआडची पलटण नकाशावर येतच नसे. बुद्धिबळात दोन्ही खेळाडूंस सारा पट दिसतो, रणांगणावर तसा कोणासही दिसत नाही, हे राइसविट्झने नेमके हेरले होते.

पंचाची ही कल्पना पुढे अमेरिकेत गेली. टॉटन नामक सैनिकी अधिकाऱ्याने १८८० साली युद्धखेळावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मिनेसोटा राज्यातील डेव्हिड वेस्ली यांना तो जवळजवळ नव्वद वर्षांनी वाचावयास मिळाला, आणि १९६९ साली त्यांनी ‘ब्राउनस्टाइन’ नावाच्या एका काल्पनिक गावातील खेळ मांडला. त्यात प्रत्येक खेळाडूस निराळे पात्र आणि निराळा हेतू दिलेला होता. त्या मंडळीतील डेव्ह आर्नेसन यांनी गॅरी गायगॅक्स यांच्या सहकार्याने १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या १,००० प्रती निघाल्या होत्या; आजचे बहुतेक भूमिका-खेळ याच खेळाचे वंशज होत. तेव्हा आजचा सूत्रधार हा त्या प्रशियन पंचाचा नातू म्हटल्यास वावगे होणार नाही. आजोबा नकाशावर काय मांडावयाचे ते ठरवीत, नातू पानावर काय दाखवावयाचे ते ठरवितो.

आता प्रत्यक्ष व्यवस्थेकडे वळू. समजा, सूत्रधाराने एक बंदराचे गाव रचले आहे. तेथील बंदर-अधिकारी गावकऱ्यांच्या दृष्टीने सज्जन गृहस्थ; वस्तुतः तो चाच्यांना सामील आहे. या अधिकाऱ्याचे पान खेळाडूंना दाखवावे काय? सारे पान दाखविले तर कट फुटतो. सारे पान लपविले तर ज्या माणसाशी ते रोज बोलतात, त्याचे नावसुद्धा त्यांना वाचावयास मिळत नाही. म्हणून परवानगी पानाला असून भागत नाही, ती परिच्छेदाला असावी लागते. पानाच्या वरच्या भागात त्याचे रूप, घर, लोकांचे मत हे सर्वांसाठी. चाच्यांशी असलेला करार हा निराळा, झाकलेला मजकूर. वर्ल्ड ॲन्व्हिलवर अशा मजकुराला ‘गुपित’ याच अर्थाचे नाव असून तो विवक्षित वाचकगटालाच दिसेल अशी योजना करता येते. कांकावर पानाला जोडलेल्या प्रत्येक टिपणाची दृश्यता वेगळी ठरविता येते: सर्वांना, केवळ व्यवस्थापकांना, केवळ लिहिणाऱ्यास, अथवा लिहिणाऱ्यास व व्यवस्थापकांस.

येथून खरी मौज सुरू होते. खेळाडूंतील चोराचे पात्र पूर्वी त्याच चाच्यांच्या गलबतावर होते असे ठरले, तर कराराचा अर्धा भाग त्या एकाच खेळाडूस ठाऊक असावयास हवा. मग त्याच्यापुरता एक गट करावा आणि तेवढा परिच्छेद त्या गटाला दाखवावा. इतर चौघे तेच पान वाचतात आणि त्यांना त्यात काहीच संशयास्पद आढळत नाही. पुढच्या बैठकीत चोर गप्प का बसला, हे त्यांना कळत नाही. पुठ्ठ्याच्या आडपडद्याला हे कधीच साधले नसते, कारण त्याला दोनच बाजू होत्या.

तथापि असे गट वाढवीत जाण्याचा मोह आवरला पाहिजे. कांकावर प्रथम प्रत्येक गटाला सर्वसाधारण अधिकार द्यावयाचे असतात. म्हणजे व्यक्ती, स्थळे, वस्तू यांपैकी कोणत्या प्रकारची पाने त्याने पाहावीत, नवी करावीत, बदलावीत वा काढून टाकावीत. नंतर एखाद्या पानापुरता अपवाद करता येतो. नवखा सूत्रधार बहुधा उलट चालतो. तो आधी सर्व काही खुले ठेवतो आणि आठवेल तसतसे एकेक पान झाकीत जातो. शेकडो पानांच्या जगात एक पान विसरणे अटळच असते. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील सॉल्ट्झर व श्रोडर या दोघांनी १९७५ साली संगणकातील माहितीच्या संरक्षणाविषयी जो निबंध लिहिला, त्यातील दोन तत्त्वे येथे उपयोगी पडतात. पहिले असे की मूळ स्थिती बंद असावी, आणि प्रवेश दिला तरच मिळावा. दुसरे असे की प्रत्येकाला कामापुरताच अधिकार द्यावा. बंद ठेवलेले पान उघडावयाचे राहिले तर खेळाडू विचारतो आणि चूक क्षणात सुधारते. खुले राहिलेले पान कोणी वाचले, तर ते पुन्हा न वाचलेले करता येत नाही.

या शेवटच्या गोष्टीचे गांभीर्य बाहेरच्या माणसाला चटकन जाणवत नाही. ज्याच्या दृष्टीस रहस्य चुकून पडले, त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात. त्याने ते सांगावे, तर कित्येक महिन्यांची कथा सर्वांसाठीच नासते. न सांगावे, तर माहीत असून माहीत नसल्याचे सोंग दर बैठकीत वठवावे लागते, आणि ज्या चकित होण्यासाठी तो खेळावयास आला तेच त्याच्या वाट्याचे निघून जाते. अपराध त्याचा नसतो, शिक्षा मात्र त्यालाच होते.

गुपिते फुटतात तीही बहुधा मजकुरातून नव्हे, आडवाटेने. पानातील मजकूर झाकलेला, पण पानाचे नावच ‘बंदर-अधिकाऱ्याचा खून’ असे! नकाशावर भुयाराच्या मुखाशी रोवलेली खूण तशीच राहिली, किंवा चित्राच्या नावातच ‘खरा राजपुत्र’ असे शब्द राहिले, तरी परिणाम तोच. म्हणून शीर्षके नेहमी निरुपद्रवी ठेवावीत. शिवाय आपले जग खेळाडूच्या नजरेने एकदा पाहावे. ‘या सदस्याच्या दृष्टीने पाहा’ अशी सोय जेथे असेल तेथे प्रत्येक बैठकीपूर्वी ती वापरावी; नसेल तेथे खेळाडूच्या नात्याने दुसरे खाते उघडून पाहणे हा जुना पण खात्रीचा उपाय. व्यवस्थापकाला सारेच दिसत असल्यामुळे काय झाकले आहे हे त्याच्या नेहमीच्या नजरेला समजूच शकत नाही.

लिहिण्याच्या अधिकाराविषयी सूत्रधार उगाच कृपण असतात. प्रत्येक खेळाडूस निदान आपल्या पात्राचे पान आणि रोजनिशी लिहू द्यावी. काढून टाकण्याचा अधिकार मात्र राखून ठेवावा. खेळाडूंचीही गुपिते असतात, आणि ती परस्परांपासून राखण्याचा हक्क त्यांना आहे. त्यांच्या खाजगी टिपणांपैकी काय सूत्रधारास दिसते आणि काय दिसत नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले म्हणजे पुढे मने दुखावत नाहीत. एखादा खेळाडू मंडळ सोडून गेला, तर त्याचे नाव गटांतून त्याच आठवड्यात काढावे; त्याने लिहिलेली पाने ठेवावीत की काढावीत हे मात्र त्यालाच विचारावे.

दीर्घ मोहीम संपली की काही सूत्रधार सर्व गुपिते खुली करतात. चोरटा करार, न शिरलेले भुयार, ज्याच्याशी कोणी बोललेच नाही असा दीपगृहातील म्हातारा, हे सारे खेळाडू मग सावकाश वाचतात आणि कोणत्या वळणावर काय हुकले याचा वाद पुढे कित्येक दिवस चालतो. त्याच जगात दुसरी मोहीम मांडावयाची असेल, तर उघडण्यापूर्वी प्रत्येक गुपित वाचून पाहावे लागते, कारण म्हाताऱ्याजवळची किल्ली अद्याप कोणी मागितलेली नसते.