खांबांच्या भरवशावर

"मामा, इथे लिमिट किती?"

खोपोलीचा शीळफाटा मागे टाकून आम्ही कर्जतच्या रस्त्याला लागतोय. पावणेआठ वाजलेत. श्रावणातली एक सर नुकतीच येऊन गेलीय आणि वायपर आता कोरड्या काचेवर उगाच किरकिरतोय. स्टीअरिंगवर भाचा आहे. तो इंग्लंडात लेस्टरला असतो, सुट्टीवर आलाय. पुण्याहून कर्जतला त्याच्या मावशीकडे निघताना "मीच चालवतो" म्हणत किल्ली घेऊन बसला, ती अजून सोडलेली नाही.

घाटात त्याने हा प्रश्न विचारला नव्हता. एक्सप्रेसवेवर विचारावाच लागत नाही. सपाटीला 100, बोरघाटात 60, आकडे डोळ्यांसमोर येत राहतात. शिवाय 2024 पासून कॅमेरे बसलेत, त्यामुळे एरवी कुणाला न जुमानणारे ड्रायव्हरही तिथे शहाण्यासारखे उतरतात. खोपोलीला बाहेर पडलो, गावातून वाट काढली, कर्जतकडे वळलो आणि आकडे संपले.

उत्तर द्यायचं म्हणून मी रस्त्याच्या कडेला पाटी शोधतो. पाट्यांना तोटा नाही. एनए प्लॉट. बंगलो प्लॉट, हप्त्याने. रिसॉर्टचा बाण. कुणा दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यावर शुभेच्छुकांची पासपोर्ट साइजची गर्दी. लाल कडेचा पांढरा गोल आणि त्यात काळा आकडा, तेवढा काही सापडत नाही.

"अंदाजाने चालव," मी म्हणतो.

"अंदाजाने?" तो माझ्याकडे बघतो. मी त्याला समोर बघायला सांगतो.

पुढच्या वस्तीचे खांब सुरू होतात. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात ओला रस्ता चकाकायला लागतो. भाच्याचा पाय आपोआप वर येतो, काटा पन्नासच्या खाली उतरतो. मागच्या डंपरला हे मुळीच अपेक्षित नाही. तो अप्पर-डिप्पर मारतो, मग हॉर्नवर हात ठेवतो तो काढतच नाही.

"अरे, मध्येच कमी का केलीस?"

"दिवे आले ना."

त्याच्या लेखी एवढं पुरेसं आहे. ब्रिटनमध्ये रस्त्याला दिव्यांचे खांब असतील आणि दोन खांबांत 200 यार्डांहून, म्हणजे साधारण 183 मीटरहून, जास्त अंतर नसेल, तर वेगळा फलक नसला की मर्यादा ताशी 30 मैल धरायची. आपले 48 किलोमीटर. 18 मार्च 1935 पासून वस्तीतल्या रस्त्यांना ही मर्यादा लागू झाली. आजही तिथे दिव्यांच्या रस्त्यावर मधेमधे 30 च्या पाट्या लावत नाहीत, खांब हीच पाटी. वेल्सने 2023 च्या सप्टेंबरात हा आकडा 20 वर आणला. "तिकडेही कित्येकांना हे ठाऊक नसतं," भाचा सांगतो. "परीक्षेपुरतं पाठ करतात आणि विसरतात." पण त्याच्या पायाला ते ठाऊक आहे. आणि तो पाय आता हाळच्या आसपास, खालापूर तालुक्यातल्या रस्त्यावर, लेस्टरचा कायदा पाळतोय.

आपल्याकडे दिव्याचा आणि वेगाचा कायद्याने काहीही संबंध नाही. केंद्राच्या 6 एप्रिल 2018 च्या अधिसूचनेत मोटारीला द्रुतगती मार्गावर 120, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर 100, नगरपालिकेच्या हद्दीत 70 आणि इतर रस्त्यांवरही 70 असे आकडे दिले. मालमोटारीला या शेवटच्या दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवर 60. म्हणजे मागचा डंपर साठाच्या आत असता, तर त्या कागदानुसार तो बरोबर होता. पुढे 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ही अधिसूचनाच रद्द ठरवली. मी हे सांगतो तसा भाचा हसायला लागतो. हसण्यासारखं आहेच. ज्याच्या हातात स्टीअरिंग आहे त्याने राजपत्र वाचावं, वर न्यायालयाचा निकालही वाचावा, आणि मग गिअर टाकावा.

खांब संपतात. एकदम काळोख. भाच्याचा पाय पुन्हा खाली जातो, काटा साठ, सत्तर. डंपरवाल्याला अजूनही आमचं गणित कळलेलं नाही. तो आता मागे पडलाय, आणि बहुधा आम्हाला शिव्या घालतोय. उजेडात हळू आणि अंधारात जोरात, अशी गाडी त्याने आयुष्यात पाहिली नसेल.

डोक्यावरून विजेच्या तारा जातायत, उंच मनोऱ्यांवरून. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्या इथल्या विजेवर फिरल्या. शंभराहून अधिक वर्षं या मुलखातून मुंबईला उजेड जातोय. खाली रस्त्यावर मात्र आमच्या हेडलाइटचा तेवढा.

"हळू घे," मी म्हणतो.

"पण मामा, इथे काहीच नाहीये."

"आहे. वाडी आहे."

हेडलाइटमध्ये आधी एक बॅटरी हलते, मग पाय दिसतात, मग डोक्यावर मोळी घेतलेली बाई आणि तिच्या पाठोपाठ शाळेच्या गणवेशातला मुलगा. रस्त्याच्या कडेला पावसाने चिखल झालाय म्हणून दोघं डांबराच्या अंगाने चालतायत. भाचा ब्रेक दाबतो. बाई थांबत नाही, वळूनही बघत नाही. अशा गाड्या ती रोज ऐकते. ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या वाड्या खालापूर आणि कर्जत या दोन्ही तालुक्यांत रस्त्यापासून थोड्या आत असतात. रस्त्यावर येते ती फक्त त्यांची पायवाट. पायवाटेला खांब कोण देणार?

अर्ध्या किलोमीटरवर मोठा लखलखाट. भाचा पुन्हा पाय उचलतो. या वेळी गाव नाही, फार्महाऊस आहे. कमानीला झालर, कुंपणाला फोकस, आत कुणाच्या तरी हळदीचा डीजे. रस्त्यावर चिटपाखरू नाही. भाचा चरफडतो. त्याच्या नियमाने इथे पन्नास आणि मघाच्या वाडीपाशी सत्तर. नियम चांगला आहे, पण तो जिथला आहे तिथे दिवे सरकार लावतं. इथे ज्याच्याकडे जनरेटर त्याचा उजेड.

पळसदरीच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबतो. पुढे टेम्पो उभा आहे, दोन मोटारसायकली आहेत. भाच्याला राहवत नाही, तो टेम्पोवाल्यालाच विचारतो.

"दादा, या रस्त्याला किती स्पीडने चालवता तुम्ही?"

"माल बघून," टेम्पोवाला म्हणतो.

"तसं नाही, लाइट असेल तिथे?"

"लाइट असली की दाबायची. समोरचं दिसतंय ना! अंधारात कोण दाबंल?"

मोटारसायकलवाला पोरगा मान हलवतो. "नाय हो, लाइट आली म्हंजे गाव आलं. गाव आलं की ब्रेकर आला. मी तर ब्रेकरलाच घाबरतो."

टपरीवाल्या ताई इतका वेळ गाळणी आपटत होत्या. त्या मधेच बोलतात, "आमच्या इथली लाइट जाते ना, तवा बघा गाड्या. सुसाट! त्यांना वाटतं हितं गावच नाय."

कपात चहा ओतता ओतता त्यांनी अख्खा विषय सांगून टाकलाय. एकाच खांबाखालून जाणारे तिघं तीन अर्थ लावतायत, चौथा लेस्टरहून आणलेला. आणि खांब बंद पडला की गाव रस्त्यावरून पुसलं जातं. ते बंद पडायला काय लागतं? एक वादळ. जळालेली डीपी. किंवा थकलेलं बिल. 2021 च्या जूनमध्ये थकबाकीपोटी राज्यात ठिकठिकाणी ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली. गावं ओरडली, तेव्हा 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतून बिलं भरायला सरकारने मुभा दिली. विजेचं बिल ज्या गावाच्या वेगमर्यादेचा मालक आहे, त्या गावातल्या लोकांनी रस्ता कधी ओलांडावा?

"आणि दंड?" भाचा विचारतो. "पाटीच नाही तर दंड कसा करणार?"

प्रश्न अडाणी नाही. मोटार वाहन कायदा 1988, कलम 112. एखाद्या रस्त्यावर किंवा भागात सार्वजनिक सुरक्षिततेसाठी वेग कमी ठेवायचा, तर राज्य सरकारला तसं ठरवता येतं. पण त्याच वाक्यात अट आहे, राजपत्रात अधिसूचना काढायची आणि योग्य जागी फलक उभारायचा. म्हणजे पाटी ही शोभा नाही, मर्यादेचा अर्धा भाग आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 183 खाली हलक्या वाहनाला 1000 ते 2000 रुपये आणि मध्यम-अवजड वाहनाला 2000 ते 4000 रुपये दंड आहे. दंडाचे आकडे ड्रायव्हरांना तोंडपाठ असतात. टेम्पोवाल्याला विचारलं तर तो पटकन सांगतो. वेगाचा आकडा मात्र कुणालाच सांगता येत नाही.

पैसे देऊन निघतो. शंभर पावलांवर धाडकन आदळतो. गतिरोधक. पट्टे पुसलेले, अलीकडे सूचना नाही. भाच्याच्या तोंडून अस्सल मराठी शब्द बाहेर पडतो, लेस्टरने त्याचं तेवढं बिघडवलेलं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात 25 च्या वेगाने ओलांडायचा उंचवटा 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असतो, रंगवलेला असतो, आधी पाटी असते. हा कुणीतरी अपघातानंतर रागाने घातलेला दिसतोय. राग मला समजतो. पाटी मागून मिळत नाही तेव्हा गाव खडी आणि डांबर मागतं, ते मिळतं. मग त्या उंचवट्यावर रात्री मोटारसायकलवाला उडतो आणि तोही गावातलाच असतो.

कर्जतचा चारफाटा येतो. चारही बाजूंनी गाड्या, शनिवारची मुंबई फार्महाऊसांकडे ओसंडतेय. दिवे एवढे की दिवस वाटावा. एक पांढरी एसयूव्ही उजेड बघून वेग वाढवते, तिच्या पुढची मिनीडोअर उजेड बघून कमी करते. दोघांची टक्कर हातभर अंतराने टळते. दोघंही काच खाली करून एकमेकांना विचारतात, "दिसत नाय का?" दिसतंय की, दोघांनाही. त्याचा अर्थ काय लावायचा, हे कुणी सांगितलेलं नाही.

भाचा आता काही विचारत नाही. तो पुढच्या गाडीइतकाच वेग धरतोय, म्हणजे इथला झालाय.

या रस्त्यांवरच्या गावांत राहणाऱ्यांना एक सांगायचंय. 15 ऑगस्टची ग्रामसभा चुकली असेल तर 2 ऑक्टोबरची आहे. पथदिव्यांचा विषय निघतोच, त्याच्याच खाली दुसरा ठराव मांडा: गावाच्या दोन्ही टोकांना वेगमर्यादेचा आकडा असलेला, रात्री चमकणारा फलक, वाडीची पायवाट रस्त्याला मिळते तिथे आणखी एक, आणि आहेत ते गतिरोधक रंगवून घेणे. फलकाला वीज लागत नाही, बिल येत नाही. ठरावाची प्रत रस्ता ज्या खात्याच्या ताब्यात आहे तिथे द्या, दुसरी तहसीलदारांकडे द्या, आणि दोन्हीकडून पोच घ्या.