उरोस्थीचा खळगा : परीक्षण व चिकित्सेची मर्यादा

भोर व वेल्हे हा डोंगरी मुलूख. राजगड-तोरण्याच्या परिसरातील मुलांना चढण नवी नसते. अशा मुलास सोबत्यांच्या आधी धाप लागू लागली, तर वैद्याने प्रथम त्याचा सदरा उतरवून छाती पाहावी. एका पंधरा वर्षांच्या मुलास केवळ दौर्बल्य समजून आम्ही चार महिने च्यवनप्राश व अश्वगंधा दिली. छातीचा खळगा दिसला तो त्यानंतर. आमची चूक इतरांकडून होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

स्वरूप : उरोस्थी बरगड्यांना कूर्चांनी जोडलेली असते. या कूर्चांची वाढ विषम झाल्यास उरोस्थी आत दबते. आधुनिक वैद्यकात यास ‘पेक्टस एक्सकॅव्हेटम’ म्हणतात. सुमारे 300 ते 400 जन्मांत एकास हा दोष आढळतो. मुलींपेक्षा मुलांत अधिक. वयात येताना उंची झपाट्याने वाढते, तेव्हा खळगाही खोल होतो. काही घराण्यांत तो अनेकांना असतो. उरःक्षत हा व्याधी याहून सर्वस्वी भिन्न होय.

परिणाम : सौम्य खळग्याने सहसा बाधा होत नाही. खळगा खोल असल्यास हृदय डावीकडे सरकते व त्याच्या उजव्या बाजूवर दाब येतो. त्यामुळे श्रमाने धाप, धडधड व थकवा जाणवतो. मुलगा खांदे झुकवून चालतो, चारचौघांत सदरा काढीत नाही. ही मनोव्यथाही दुर्लक्षू नये.

परीक्षण : पाठीचा बाक, अतिउंची व लांबसडक बोटे पाहावीत, मार्फन विकारात हृदयाच्या झडपा व महाधमनीही दूषित असू शकतात. इको तपासणी करून घ्यावी. सीटी स्कॅनमध्ये छातीची आतील रुंदी, उरोस्थी व मणका यांतील अंतराच्या 3.25 पटींहून अधिक भरल्यास दोष तीव्र समजतात.

चिकित्सा : कोणतेही तैल वा भस्म दबलेली उरोस्थी वर आणीत नाही, हे रुग्णास स्पष्ट सांगावे. अमेरिकन शल्यचिकित्सक डोनाल्ड नस यांनी 1987 साली योजलेल्या शस्त्रकर्मात उरोस्थीखाली वक्र धातुपट्टी बसवितात व साधारणतः दोन-तीन वर्षांनी काढतात. बल्य आहार, श्वसनाचे व पाठीचे व्यायाम यांनी दम व ठेवण सुधारते. ते साहाय्यक उपाय होत. सुश्रुतसंहितेत हृदय हे सद्यःप्राणहर मर्म सांगितले आहे. म्हणून खळग्यावर जोराचे मर्दन कटाक्षाने टाळावे. औषधविक्रेत्यांनीही ‘छाती भरण्याचे’ तेल मागणाऱ्या पालकांस आधी तपासणीस पाठवावे.

आमच्या त्या रुग्णास आम्ही पुण्यास तज्ज्ञांकडे पाठविले. चार महिन्यांपूर्वीच पाठवावयास हवे होते.