पिंप, पाव आणि पणजीतले तीन दिवस

आमचा वरवट बकालचा भाग खारपाणपट्ट्यातला. गोडे पाणी घरात पिंपात भरून जपून ठेवायचे, ही लहानपणापासूनची सवय. पण ‘पिंप’ हा शब्द पोर्तुगीज ‘पिपा’वरून आला आणि पिपा म्हणजे वाइनचे लाकडी पीप, हे मला पन्नाशीनंतर कळले. शब्दांच्या वह्या भरण्याचा नाद जुना. पण हे शब्द जिथे उतरले तो किनारा पाहिलेला नव्हता. म्हणून गेल्या हिवाळ्यात शेगावहून मुंबई, तिथून कोकण रेल्वेने करमळी असे करत पणजी गाठली. मुक्काम तीन दिवसांचा.

ओल्ड गोवा रोगराईने ओस पडत गेला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. तिचा जुना भाग फोंतेन्यास. पिवळी, निळी, तांबडी घरे; पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवण्याचा जुना रिवाज. पर्यटक फोटो काढत ‘अगदी पोर्तुगाल!’ म्हणतात. मला तसे वाटले नाही. भिंती इथल्याच जांभ्या चिऱ्याच्या आणि जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या. आराखडा परका, माल घरचा. निखळ पोर्तुगाल पाहायचाच तर मिनेझेस ब्रागांझा संस्थेत निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर कामोइश कवीच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवलेले आहेत, ते पाहावेत.

जेवणाचेही असेच. विंदालू या नावातल्या ‘आलू’चा बटाट्याशी काही संबंध नाही. मूळ शब्द ‘व्हिन्या द आल्युश’, म्हणजे वाइन आणि लसूण. या दोहोंत मांस मुरवले की ते टिकते. लांबच्या समुद्रप्रवासात याचा उपयोग मोठा. गोव्यात द्राक्षे नव्हती, माड मात्र भरपूर. मग वाइनच्या जागी माडीचा शिरका आला, त्यात मिरची आणि इथले मसाले पडले आणि पदार्थ पार बदलला. मी कोंबडीचे विंदालू मागवले. त्याचा आंबटपणा ना चिंचेचा, ना आमसुलाचा; घास संपल्यावर तो मागून येतो.

पावाच्या मागेही तीच माडी. पोर्तुगिजांना रोज ‘पांव’ हवा, पण पीठ फुगवायला यीस्ट नाही. ते काम ताज्या माडीने केले. (पायाने मळतात म्हणून पाव, ही आपल्याकडची व्युत्पत्ती निव्वळ दंतकथा.) आता बहुतेक ठिकाणी यीस्टच वापरतात, पण पोदेर अजून सकाळी सायकलवर भोंगा वाजवत येतो. त्याच्याकडची कोंड्याची पोय मला नेहमीच्या पावापेक्षा सरस वाटली. आमच्या वऱ्हाडी झुणक्याबरोबर ती छान लागेल.

आता वाइन. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्याची हद्द १७५६ मध्येच आखून दिली गेली. तिथल्या पोर्ट वाइनमध्ये आंबणे पूर्ण होण्याआधीच द्राक्षाची ब्रँडी ओततात. त्यामुळे साखर शिल्लक राहते आणि वाइन प्रवासात टिकते. तिथे अजून ‘पिपा’ हे माप चालते, सुमारे ५५० लिटरचे. पणजीच्या दुकानांत ‘पोर्ट’ म्हणून मिळते ती मात्र बहुधा देशी गोड वाइन. मी घोटभर चाखली. खोकल्याच्या औषधाची आठवण झाली. त्यापेक्षा फेणी अधिक अस्सल. काजूचे झाड ब्राझीलचे, बोंडे इथली. पहिल्या उकळीची हुर्राक, पुढच्या उकळीची फेणी. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले.

तिसऱ्या दिवशी खोलीत बसून वही काढली. बटाटा, कोबी, अननस, काजू, पगार, चावी, बालदी, घमेले. बाजार समितीत आमच्या कापसा-सोयाबीनचा होतो तो लिलावसुद्धा ‘लेलांव’. समुद्र न पाहिलेल्या माणसांच्या तोंडी हे सगळे रोजचे. मग एक जुनी चूक समोर आली. काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका कार्यक्रमात मी ठासून सांगितले होते की ठेचा-भाकरी हे आपले हजार वर्षांचे जेवण. लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. पण मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज जहाजांतून सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. ज्ञानेश्वरांच्या काळी तिखट म्हणजे मिरी नाहीतर पिंपळी. ठेच्यात घालतो ते शेंगदाणेही मूळचे दक्षिण अमेरिकेतले.

घरी आल्यावर त्या भाषणाचे टिपण शोधले आणि ‘ठेचा’ खोडला. भाकरी तशीच ठेवली. ज्वारी पोर्तुगिजांच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे आहे.