‘पोलिस ॲक्शन’ हा फक्त घरचा मामला होता?

भालकी-औरादकडची जुनी माणसं वय सांगताना सन सांगत नाहीत. ‘पोलिस ॲक्शन झालं तेव्हा मी आईच्या काखेवर होतो,’ म्हणतात. हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या 1948 च्या त्याच पोलिस ॲक्शनबद्दल दर 17 सप्टेंबरला झेंडावंदनाच्या भाषणात एक वाक्य हमखास येतं: ‘तो आपल्या घरचा मामला होता, जगाचा त्याच्याशी काय संबंध?’ बिदर, कलबुर्गी, हुमनाबाद, कुठेही जा, हेच. आता ऐकवत नाही.

जगाचा संबंध होता, आणि तो कागदोपत्री आहे. 21 ऑगस्ट 1948 रोजी निजाम सरकारने भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार केली. 13 सप्टेंबरला भारताच्या फौजा संस्थानात शिरल्या. सोलापूर-नळदुर्ग-हुमनाबाद रस्त्याने रणगाडे पुढे सरकत असताना, 16 तारखेला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद बसली. विषय चर्चेला घ्यावा का, यावर मतदान झालं: बाजूने 8, विरोधात शून्य, तटस्थ 3. ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स बाजूने. भारताचे रामस्वामी मुदलियार ‘हैदराबाद हे राष्ट्रच नाही’ असं बजावत होते, तरीही भारताच्या बाजूने एकही मत पडलं नाही. त्याच वर्षी 1 जानेवारीला काश्मीरची फिर्याद घेऊन आपणच त्या दारात गेलो होतो. नऊ महिन्यांत फिर्यादीचा आरोपी झाला!

नावसुद्धा अडचणीचंच होतं. जुलै 1947 मध्ये डच सैन्य इंडोनेशियावर चालून गेलं, तेव्हा डचांनीही त्याला ‘पोलिस कारवाई’च म्हटलं होतं. ते प्रकरण सुरक्षा परिषदेत नेणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाबरोबर भारत होता, तोही स्वतंत्र होण्याआधी. फरक मोठा होता, हे मान्य. डच गेलेली वसाहत परत मिळवायला निघाले होते. हैदराबाद चहूबाजूंनी भारताने वेढलेलं, आणि नोव्हेंबर 1947 च्या जैसे थे करारात परराष्ट्र व्यवहार भारताकडे सोपवलेले. बसवकल्याण तालुक्यातल्या गोरट्यात निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी केलेली कत्तल आठवणाऱ्याला कारवाईची गरज पटवून द्यावी लागत नाही. पण परक्यांना ती पटवावी लागली.

मग बोभाटा विरला कसा? फौजा पाच दिवसांत जिंकल्या, निजामाने तक्रार मागे घेतली, आणि दिल्लीने त्यांना पदच्युत न करता 1950 मध्ये राजप्रमुख केलं. तरी पाकिस्तानने मे 1949 मध्ये विषय परिषदेत पुन्हा काढलाच.

दुसरं ठरलेलं वाक्य: ‘रक्ताचा थेंब न सांडता.’ इथे मात्र माझा धीर सुटतो. नेहरूंनीच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज असा, की कारवाईदरम्यान आणि त्यानंतर किमान 27 ते 40 हजार माणसं मेली. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. मेलेल्यांत बहुसंख्य मुसलमान, आपल्याच गावांतले, बऱ्याच ठिकाणी शेजाऱ्यांच्या हातून मेलेले. सरकारने तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला. बाहेर बदनामी होऊ नये म्हणून झाकलं असेल, तर त्याची किंमत इथल्या घरांनी मोजली: वारसांना आपलं दुःख सरकारी कागदात कुठे सापडेना.

बाकीचे गैरसमज किरकोळ. ‘पोलिसांनी केलं’: नाही, लष्कराने, मेजर जनरल चौधरींसमोर 18 सप्टेंबरला शरणागती झाली. ‘रझाकार म्हणजे निजामाचं सैन्य’: नाही, लातूरच्या वकील कासिम रझवींच्या हाताखालची ती खाजगी सशस्त्र संघटना होती. ‘तेव्हाच आपण कर्नाटकात आलो’: तेही नाही. त्याला 1 नोव्हेंबर 1956 उजाडावा लागला, आणि तेव्हा राज्याचं नाव म्हैसूर होतं.