कुजबूज आणि मोजदाद

वडूजसारख्या गावातील अपत्यहीन दांपत्याने कर्ज काढून उपचारासाठी पुण्याची वाट धरावी, आणि निघतानाच कोणी तरी ‘अशा मुलांना म्हणे कर्करोग होतो’ असे त्यांच्या कानी घालावे, यासारखे क्रौर्य नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने टेस्टट्यूब कन्या जन्मास आली. तो चमत्कार आता नित्याचा झाला. शंका मात्र उरली आहे, आणि ती सर्वस्वी निराधारही नव्हे.

तिचे उत्तर मोजदादीनेच द्यावे लागते. ब्रिटनमध्ये १९९२ ते २००८ या काळात अशा उपचाराने जन्मलेल्या १,०६,०१३ मुलांची नावे बालकर्करोगाच्या नोंदवहीशी ताडून पाहण्यात आली. सर्वसाधारण प्रमाणाने सुमारे ११० रुग्ण अपेक्षित होते, निघाले १०८. यकृताची व स्नायूंची अशा दोन दुर्मिळ गाठी तेवढ्या अधिक आढळल्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर युरोपातील पाहणीत गोठवलेल्या भ्रूणांपासून जन्मलेल्या मुलांत प्रमाण वाढलेले दिसले खरे; पण २२,६३० मुलांत रुग्ण ४८! घाबरून जावे असे यात काही नाही. परंतु भ्रूण गोठवण्याची रीत सर्वत्र वाढत असता काणाडोळा करण्यासारखेही नाही.

आमच्याकडे २०२१ च्या कायद्याने अशा केंद्रांना राष्ट्रीय नोंदणी सक्तीची केली. बार्शीस ग्रामीण कर्करोगाची नोंदवही १९८७ पासून आहे. नावे गुप्त राखून अशा दोन्ही नोंदींची सांगड सरकारने घालावी. तोवर वडूजच्या त्या दांपत्यास परमुलखातील आकड्यांनीच धीर द्यावा लागेल.